चीटग्रासवर 'काळी बोटं': बुरशी सोडून गवत हटेल का?

तृणपाद
नेवाडा, युटाचा पश्चिम भाग, आयडाहो-ओरेगनची दक्षिण बाजू, या सगळ्याला ग्रेट बेसिन म्हणतात. तिथली सेजब्रश या झुडपाची रानं चीटग्रास या गवताने खाल्ली आहेत. शास्त्रीय नाव ब्रोमस टेक्टोरम, मूळ युरेशियातलं, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत शिरलेलं. शरदातल्या पहिल्या ओलीवर रुजतं, बर्फाखाली दबा धरून बसतं, एप्रिल-मेमध्ये निसवतं आणि जूनमध्ये वाळून कोळ होतं. मग वीज पडायचा अवकाश. सेजब्रश जळाला की बुंध्यापासून फुटत नाही, चीटग्रास मात्र पुढच्या शरदात हजर. पूर्वी दोन वणव्यांमध्ये कित्येक दशकं जायची, आता काही ठिकाणी 5 वर्षंसुद्धा जात नाहीत.

या गवताच्या दाण्यावर पायरेनोफोरा सेमेनिपर्डा नावाची बुरशी पडते. मेलेल्या दाण्यातून काळे, बोटासारखे कोंब बाहेर येतात, म्हणून इंग्रजीत 'ब्लॅक फिंगर्स ऑफ डेथ'. तर जाणकारांना तीन प्रश्न:
1. ही बुरशी वाढवून रानात सोडली तर चीटग्रास हटेल का?
2. गवताच्या कुठल्या अवस्थेवर ती चालते?
3. चीटग्रासच्या जागी तिथली मूळची देशी गवतं सोबत पेरली तर त्यांचं काय होतं?

मिरचीठेचा
नाव वाचूनच भयपटाचं तिकीट काढावंसं वाटलं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सूक्ष्मदर्शी
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

ही बुरशी रोपाला मारत नाही, दाण्याला मारते. आणि दाण्यांतही सुप्त, म्हणजे जिवंत असून अजून रुजायला तयार नसलेल्या दाण्याला. वाळलेल्या लोंबीतून जूनमध्ये गळलेला ताजा दाणा उन्हाळ्याच्या तापमानाला रुजत नाही, वळवाच्या एखाद्या सरीने फसत नाही. कोरड्या उष्णतेत दोन-तीन महिने पडून राहिला की सुप्तावस्था उतरते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात वापसा मिळाला की तोच दाणा चार-पाच दिवसांत उगवतो. बुरशीला एवढा वेळ पुरत नाही. बीजाणूला कोंब फुटून तुसाच्या सांध्यातून आत शिरायचं, दाण्यातला साठा खायचा, तोवर रोप मूळ सोडून मोकळं झालेलं असतं. मागे राहिलेल्या रिकाम्या टरफलावर बुरशी मजेत बोटं काढते, पण रोप गेलं निघून.

म्हणजे ही शर्यत आहे. रुजायला उशीर करणारा दाणा हरतो.

काणीवाला
सूक्ष्मदर्शी यांच्याशी सहमत. त्यात ओलीचा मुद्दा घालतो. दाण्याला रुजायला जेवढी ओल लागते त्याहून कमी ओलीवर ही बुरशी वाढू शकते. त्यामुळे जमीन धड ओली नाही, धड कोरडी नाही अशा स्थितीत आठवडा-दोन आठवडे गेले की दाणा अडकून पडतो आणि बुरशी आत काम करत राहते. नंतर चांगला पाऊस झाला तरी तो दाणा उठत नाही. म्हणूनच जास्त कोरड्या, अर्धवट पावसाच्या जागी मेलेले दाणे जास्त सापडतात आणि जिथे शरदाचा पाऊस दणकून होतो तिथे कमी. बुरशी म्हटली की दमट हवा, हे आपल्या डोक्यात बसलेलं समीकरण इथे उलटं चालतं.

गावठी_बियाणं
पण मग जे दाणे शरदात रुजतच नाहीत त्यांचं काय? तेही असतातच ना?

सूक्ष्मदर्शी
असतात, आणि तेच या बुरशीचं खरं खाद्य. शरदात रुजायचे राहिलेले दाणे थंड, अर्धवट ओल्या मातीत हिवाळा काढतात आणि त्यातले बरेच पुन्हा सुप्त होतात, याला दुय्यम सुप्तावस्था म्हणतात. हा मागे राहिलेला साठा म्हणजे गवताची मुदत ठेव. एखाद्या वर्षी सगळी रोपं मेली, वणव्यात गेली, तणनाशकाने गेली, तरी या ठेवीवर गवत परत उभं राहतं. बुरशी ती ठेव मोडते. चालू खात्याला हात लावत नाही.

आकडेमोड्या
वा, बँकेत आलात तर हिशोब करू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, रानात मोजलेले नाहीत, आधीच सांगतो.

समजा चौरस मीटरला 10,000 दाणे. शरदात 9,500 रुजले, 500 मागे राहिले. बुरशीने त्या 500 पैकी 90 टक्के मारले, उरले 50. आता 9,500 रोपांची आपापसात मारामारी होईल, बरीच मरतील, पण उरलेली मिळून पुन्हा 10,000 दाणे सहज टाकतील. म्हणजे बुरशीने 90 टक्के काम करूनही गवतात काडीचा फरक नाही.

आता उलट बाजू. शरदात रुजलेली सगळी रोपं तणनाशकाने किंवा कुळवाने मारली. बुरशी नसेल तर 500 दाणे, असेल तर 50. पण मोकळ्या जागेत चीटग्रासचं एकटं रोप फुटवे फोडून शेकड्यांनी दाणे देतं. 300 धरा. 50 गुणिले 300 म्हणजे 15,000. एका वर्षात मूळपदावर!

तेव्हा त्या 50 रोपांना मोकळी जागा मिळता कामा नये. तिथे दुसरं काहीतरी उभं असायला हवं. बुरशीचा उपयोग आहे तो इथे: समोरच्याची संख्या 500 वरून 50 वर आणून देणं, म्हणजे पेरलेल्या बहुवर्षायू गवताला पहिलं वर्ष निभावता येईल.

मिरचीठेचा
हा प्रतिसाद वाचून चीटग्रासबद्दल आदर वाढला.

दगडफूल
जास्त जहाल वाण का वापरत नाहीत? बुरशीचेही वाण असतीलच. जो झपाट्याने वाढतो तो निवडा, शर्यत जिंकेल.

सूक्ष्मदर्शी
दगडफूल, सगळ्यांना हेच आधी सुचतं आणि इथेच गंमत आहे. प्रोव्हो, युटा इथल्या वनसेवेच्या प्रयोगशाळेतल्या सुझन मेयर आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये नेमकं हे तपासलं. झपाट्याने रुजणाऱ्या दाण्यांवर जास्त मारक ठरले ते हळू वाढणारे वाण! कारण ही बुरशी सायटोकॅलासिन बी नावाचं विष बनवते. ते पेशीच्या सांगाड्यातले अ‍ॅक्टिनचे धागे जुळू देत नाही, कोंबाची वाढ अडखळते. विष बनवण्यात ताकद घालवणारा वाण वाढीत मागे पडतो, पण दाण्याला लंगडा करून शर्यत जिंकतो.

आता तुम्ही म्हणाल, तोच वाण सोडा. पण लॅबमध्ये कोरडे बीजाणू आणि दाणे बाटलीत घालून चांगले हलवले, म्हणजे दाण्याला अक्षरशः बीजाणूंचं पीठ फासलं, तरी सुप्तावस्था उतरलेल्या दाण्यांचा मोठा भाग निसटतो. रानात एवढा थर दाण्यावर बसणार नाही. शिवाय विष जास्त म्हणजे सोबतच्या देशी दाण्यांनाही जास्त.

गावठी_बियाणं
पंपाने फवारायचं म्हटलं तर?

काणीवाला
पंप विसरा. बीजाणू मोठे आणि जड, पाण्यात तळाला बसतात, ढवळत राहावं लागतं. फवारलं तर वरच्या वाळक्या पाचोळ्यावरच अडकतं, दाण्यापर्यंत पोचत नाही. दाणे असतात पाचोळ्याखाली आणि मातीच्या वरच्या एक-दोन सेंटीमीटरमध्ये.

प्रयोगांत भाजलेल्या मॉन्टमोरिलोनाइट मातीचे कण वाहक म्हणून वापरले गेले. कणांवर बुरशी वाढवायची, सुकवायची आणि खतासारखी फोकायची. कण पाचोळ्यातून खाली झिरपतो, ओल धरून ठेवतो, हा फायदा. तोटा म्हणजे वजन. एका एकराला फोकायचं म्हटलं तरी गोणीचा हिशोब येतो, आणि चीटग्रासचा पसारा लाखो एकरांचा.

बीजाणू मिळवणंही सोपं नाही. साध्या बटाटा-डेक्स्ट्रोज माध्यमावर बुरशी नुसतीच पांढरट-राखाडी पसरते, बीजाणू देईना. त्यासाठी सेल्युलोजच्या पुडीचं आल्फासेल माध्यम आणि दिवसाकाठी ठराविक तास प्रकाश लागतो. ट्रायकोडर्मा या नेहमीच्या बुरशीसारखं पातेल्यात टाकलं आणि चार दिवसांत हिरवंगार झालं असं हे प्रकरण नाही.

आणि वेळ. सप्टेंबरात, पावसाआधी टाकलंत तर समोर सुप्तावस्था उतरलेले दाणे, म्हणजे हरलेली शर्यत. तर्काने बघितलं तर शरदातली उगवण झाल्यावर, हिवाळ्याच्या तोंडाशी टाकायला हवं, जेव्हा मातीत फक्त मागे राहिलेला साठा असतो.

दंडवते_बाई
माझा रोखठोक प्रश्न. मातीत ही बुरशी आधीपासून आहेच ना? मग आणखी टाकून काय होणार?

सूक्ष्मदर्शी
दंडवतेबाई, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत (काळं नव्हे). चीटग्रासच्या बहुतेक जुन्या रानांत ती असतेच. म्हणून टाकण्याआधी बघायचं. पद्धत साधी:

एप्रिल-मेमध्ये, नवे दाणे गळायच्या आधी, मातीचे नमुने घ्यायचे. साधारण 6 सेंटीमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा, दोन्ही बाजूंनी उघडा, 4 सेंटीमीटर खोल दाबायचा, पाचोळ्यासकट उचलायचा. एका जागेचे 20-25 नमुने तरी हवेत, कारण दाणे सारखे पसरलेले नसतात, झुडपाखाली ढीग आणि मोकळ्यावर चार. माती चाळणीतून चाळायची. चीटग्रासचा दाणा लांबट, कुसळासकट, ओळखायला सोपा.

मग भिंग. बुरशीने मेलेल्या दाण्याच्या पाठीवर 1 ते 3 मिलिमीटरचे काळे खुंट दिसतात. ताजे असतील तर टोकाशी करडी धूळ असते, तेच बीजाणू. जुने असतील तर नुसते मोडके खुंट. बोटांत दाबला तर दाणा पोकळ, कुरकुरीत. खुंट नसलेले आणि दाबून घट्ट लागणारे दाणे ओल्या टिपकागदावर 20 अंशांना ठेवायचे. जिवंत रुजतील. आतून लागण झालेल्या दाण्यांतून साधारण दोन आठवड्यांत बोटं येतील. चार आठवडे ठेवून मोजणी बंद.

यातून तीन आकडे मिळतात: आधी मेलेले, लागण होऊन मरणारे, आणि खरोखर जिवंत मागे राहिलेले. तिसरा आकडा नगण्य असेल तर बाहेरून बुरशी आणून पैसे घालवू नका. ज्या जागी बुरशी कमी आणि साठा जास्त, तिथेच टाकण्यात काही अर्थ.

शेपूटवाला
चाचणीत एक चूक नेहमी होते. टिपकागद भिजून पाणी साचलं तर इतर बुरश्या माजतात आणि सगळंच काळं-हिरवं दिसतं. ओला हवा, डबका नको. आणि बोटं मोजताना रुजून गेलेल्या टरफलावर आलेली बोटं 'मेलेला दाणा' म्हणून धरू नका. सूक्ष्मदर्शी यांनी पहिल्याच प्रतिसादात सांगितलंय, रोप निघून गेल्यावरही बुरशी बोटं काढते. मूळ बाहेर आलंय का ते आधी बघा. ही गफलत केली तर बुरशी प्रत्यक्षाहून कितीतरी शूर दिसते.

ऊसकरी
अवांतर: आपल्याकडे उसाला चाबूक काणी येते, ज्वारीला काणी येते, तोही बुरशीचाच रोग. चीटग्रासला तसलं काही नाही का? कणीसच काळं करून टाकलं तर दाणाच नको नि काळी बोटंही नकोत.

काणीवाला
ऊसकरी, अवांतर कसलं, माझ्या आयडीलाच हाक मारलीत! आहे. उस्टिलागो बुलाटा. उगवत्या कोंबाला पहिल्या काही दिवसांत लागते, रोपाच्या आत गुपचूप वाढते आणि निसवताना दाण्याच्या जागी काळी भुकटी. चाबूक काणीसारखा लांब चाबूक येत नाही, लोंबी तशीच राहते, फक्त आत दाण्याऐवजी काजळी.

अडचणी दोन. पहिली तापमानाची. शरदातला पाऊस उशिरा आला, जमीन गार झाली, तर काणीचे बीजाणू रुजायला मंद पडतात आणि कोंब निसटतो. दुसरी वाणाची. चीटग्रास बहुतांशी स्वपरागीत, त्यामुळे त्याचे शुद्ध वंश ठिकठिकाणी पसरलेत. प्रत्येक वंशाची प्रतिकारशक्ती वेगळी आणि काणीच्या जाती वेगळ्या, किल्ली-कुलूप जुळावं लागतं. एका खोऱ्यातली काणी दुसऱ्या खोऱ्यात नेली तर तिथले काही वंश तिला हसतील. काणीग्रस्त वंश कमी झाले की प्रतिकारक वंश त्यांची जागा घेणार. गव्हाच्या तांबेऱ्याचं जे होतं तेच.

दगडफूल
आणि ती 'डाय-ऑफ' भानगड? नेवाडात विनेमुकाजवळ शेकडो एकर चीटग्रास एखाद्या वर्षी उगवतच नाही म्हणे. तिथे हीच काळी बोटं असणार.

सूक्ष्मदर्शी
आधी संशय यांच्यावरच होता. पण हिशोब लागत नाही: काळी बोटं सुप्त दाण्यांना मारतात, आणि तिथे तर शरदात रुजायला तयार असलेली फौजच गायब झालेली. तपासात फ्युझेरियम या बुरशीच्या काही जाती पुढे आल्या, त्या रुजत्या दाण्याला जमिनीवर यायच्या आतच मारतात. आणखी एक बुरशी रोपं फिकट, वांझ करते, लोंब्या पांढरट पडतात. त्या रोगाला 'ब्लीच ब्लाँड' असं फॅशनेबल नाव आहे. आदल्या वर्षीच्या दाट गवताचा जाड पाचोळा या रोगांना पोषक.

पण डाय-ऑफ बहुधा एक-दोन वर्षांचा. मग मागचा साठा रुजतो आणि गवत परत. ज्या जागी काळ्या बोटांनी तो साठाही खाल्लेला असेल तिथे परतायला वेळ लागतो. आकडेमोड्यांचं दुसरं गणित इथे फुकटात घडतं: एक रोग चालू पीक मारतो, दुसरा ठेव मोडतो. अशा पट्ट्यात त्याच शरदात देशी गवत पेरण्याचे प्रयोग झालेत, कारण मोकळी जागा आयती मिळते.

दंडवते_बाई
तिसरा प्रश्न सगळे सोयीस्कर विसरलेत. देशी गवतांचं काय?

गावठी_बियाणं
लिहायलाच आलो होतो.

ही बुरशी एकनिष्ठ नाही. ब्लूबंच व्हीटग्रास, स्क्विरलटेल या तिथल्या दोन्ही देशी गवतांचे दाणे तिला चालतात. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनच्या गोंझागा विद्यापीठातल्या ज्युली बेकस्टेड आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवलं की चीटग्रासच्या रानात बीजाणूंचा साठा फुगतो आणि शेजारच्या देशी गवतांच्या दाण्यांवर सांडतो. म्हणजे चीटग्रास स्वतःचा रोग शस्त्रासारखा वापरतं. त्यात तुम्ही आणखी बुरशी ओतणार!

मार्ग आहेत, पण शिस्त लागते. पेरायचा लॉट निवडताना नुसती उगवणशक्ती बघू नका, वेग बघा. 15-20 अंशांना टिपकागदावर निम्मे दाणे किती दिवसांत रुजतात ते मोजा. एकाच जातीच्या दोन लॉटांत दुपटीचा फरक असू शकतो. झटपट रुजणारा लॉट शर्यत जिंकतो, जशी चीटग्रास जिंकते. सुप्तावस्था जास्त असलेलं बी हिवाळाभर मातीत ठेवायच्या बेताने पेरलंत तर ते बुरशीच्या ताटात वाढल्यासारखंच. बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया करता येते, दाण्यापुरतंच संरक्षण, आजूबाजूची बुरशी चीटग्रासवर काम करत राहते.

गहूकर
आणि गहू? त्या वॉशिंग्टन राज्याचा पूर्व भाग म्हणजे गव्हाचं आगर.

काणीवाला
गव्हावर लागते, दाण्यावर आणि पानावर ठिपक्यांच्या रूपातही. पण पेरणीचा गहू सुप्त नसतो, चांगल्या ओलीत पेरला तर निसटतो. कोरड्यात धूळपेरणी करून पावसाची वाट बघणाऱ्याने मात्र काळजी करावी. तेवढं कारण परवाना देणाऱ्यांना प्रश्न विचारायला पुरेसं आहे. रोगजंतू एका राज्यातून दुसऱ्यात न्यायलासुद्धा अमेरिकेच्या कृषी खात्याचा परवाना लागतो, आणि तणनाशक म्हणून विकायचं तर पर्यावरण संस्थेची नोंदणी वेगळी.

व्यापारीबुद्धी
इंडाझिफ्लाम हे तणनाशक आहे ना. एकदा मारा, काही वर्षं चीटग्रासचा दाणा मूळच धरत नाही, साठा आपोआप संपतो. बुरशी कशाला हवी? हा सगळा उपद्व्याप शोधनिबंध छापण्यापुरता आहे.

आकडेमोड्या
जिथे बहुवर्षायू गवत आधीच उभं आहे तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तिथे बुरशीचा विचारही करू नये.
पण जिथे फक्त चीटग्रास आहे तिथे? इंडाझिफ्लाम पेरलेल्या देशी दाण्यालाही मूळ धरू देत नाही. जमीन काही वर्षं उघडी, वाऱ्याला माती. तिथे इमॅझापिक हे कमी काळ टिकणारं तणनाशक वापरून पेरावं लागतं, आणि त्याचा असर गेला की मागे राहिलेला साठा डोकं वर काढतो. बुरशीची जागा त्या फटीत आहे.

व्यापारीबुद्धी
फट मान्य. उपद्व्याप हा शब्द मागे घेतो, 'छापण्यापुरता' ठेवतो, कारण बाजारात पुडी दिसत नाही अजून.

शेपूटवाला
पुडी निघाली तरी धंदा चालेलच असं नाही. फ्लोरिडात संत्र्याच्या बागेतल्या तणवेलीसाठी 1981 मध्ये 'डिव्हाइन' हे जैविक तणनाशक आलं, फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूचं. दुधासारखं ताजं, थंड ठेवून विकावं लागे. आणि इतकं छान चाललं की एकदा टाकल्यावर मातीत वर्षानुवर्षं टिकलं, गिऱ्हाईक परत येईना!

मिरचीठेचा
म्हणजे औषध निकामी असलं तरी बुडायचं, रामबाण असलं तरी बुडायचं. कारखानदाराने करावं काय?

भातखाचर
कोकणातल्या भातातल्या पाखडीसाठी असलं काही आहे का? ते पण गवतच.

काणीवाला
पाखडीवर एक्सेरोहायलम मोनोसेरास ही बुरशी अभ्यासली गेली, जपानमध्ये त्यावर उत्पादनही निघालं. पण ती पानावर चालते, दव किती तास टिकतं यावर सगळा खेळ, आणि रोप कोवळं असतानाच. काळ्या बोटांशी काही संबंध नाही. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

तृणपाद
सगळ्यांचे आभार. मला समजलं ते असं, चुकलं तर कान पकडा. बुरशी एकटी सोडून चीटग्रास हटणार नाही. आधी एप्रिल-मेमध्ये डबे दाबून साठा मोजायचा. मागे राहिलेले जिवंत दाणे जास्त आणि बोटं कमी असतील, तरच बुरशीचा विचार. शरदातली उगवण दुसऱ्या उपायाने मारायची, आणि झटपट रुजणारं, बीजप्रक्रिया केलेलं देशी बी पेरायचं.
एक राहिलं: शरदातली उगवण जाळून मारली तर बुरशी पण जळेल का?

सूक्ष्मदर्शी
बरोबर समजलात. शरदातलं हिरवं कोवळं रोप जळत नाही, जळतो तो उन्हाळ्यातला वाळका पाचोळा आणि त्यावरचे दाणे. मातीत शिरलेले दाणे आणि त्यांच्यासोबतची बुरशी दोन्ही बऱ्यापैकी वाचतात. उगवणीसाठी तणनाशक किंवा उथळ कुळवणीच. कुळव खोल घातलात तर वरचे दाणे खाली आणि खालचे वर, आणि डब्यांची सगळी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

भातखाचर
पाखडीचा धागा काढलाय. काणीवाले, या तिकडे.